शाळेच्या शर्टाचं बटण

कॅथलिक व्हायचं ठरवल्यावर मला पोप पटले, पापनिवेदन पटलं. गाडं अडलं ते मरियेपाशी. आमच्या प्रोटेस्टंट घरात ती नाताळात, गव्हाणीच्या गोष्टीपुरती यायची आणि मुकाट्याने निघून जायची. “येशूशी थेट बोलता येतं, मग मध्ये त्याच्या आईला कशाला घालायचं?” असा वाद मी दर आठवड्याला फादरशी घालायचो. शेवटी त्यांनी माझ्या हातात मरियेची जपमाळ ठेवली. “आधी म्हणून बघ, मग भांड.” चार दिवस अडखळत म्हटली, मग खिशातून ओढताना ती तुटली. सापडले तेवढे मणी बशीत गोळा केले. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंच वाटलं. आई घरी शिवणकाम करते. मी चर्च बदलतोय हे कळल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. दुसऱ्या दिवशी मशीनवरून न उठता तिने ती माळ माझ्यापुढे सरकवली. पक्क्या दोऱ्यात ओवलेली, मण्यामण्यामागे गाठ. हरवलेल्या मण्याच्या जागी निळं बटण होतं, माझ्या शाळेच्या शर्टाचं. “तुला हे पटतं?” मी विचारलं. “अजिबात नाही,” दोरा दाताने तोडत ती म्हणाली. “पण जायचंच आहे तर धड वस्तू घेऊन जा.” मी खोलीत जाऊन जप सुरू केला. बोट बटणापाशी आलं, तेव्हा मरियेला म्हणायचे “आम्हां पाप्यांसाठी विनंती कर” हे शब्द पहिल्यांदाच न अडखळता निघाले. बाहेरचं मशीन थांबलं होतं. मी दार उघडलं आणि जरा मोठ्याने म्हणू लागलो.