शाळेच्या भिंतीचा पिवळा

"जरा मोठ्यानं सांग की गं."

बाकावर टेकताच तिला रंगाऱ्याचा आवाज आठवला. शेजारची जागा रिकामी होती. तो गेल्यापासून आज ती पहिल्यांदाच बागेत आली होती, एकटी.

जन्मभर भिंती रंगवलेला तिचा नवरा. म्हातारपणी दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून रोज सकाळी त्याला हाताला धरून या बाकावर आणायचं आणि दिसेल ते सांगायचं, हा तिचा नेम. पाखरांचं फारसं सांगावं लागत नसे. बुलबुल कुठल्या फांदीवर बोलतोय, साळुंक्या कशावरून भांडताहेत, हे तिच्याआधी त्यालाच कळे. फुलपाखरं मात्र तिनंच सांगायची. त्यातही नुसतं पिवळं म्हणून भागत नसे. कुठला पिवळा, असं तो खोदून विचारी. मग ती आठवून सांगायची, तुम्ही शाळेच्या भिंतीला दिला होतात ना, तो. पोस्टाच्या दाराचा तांबडा. दवाखान्याच्या जिन्यातला निळा, तोही खालच्या पट्ट्याचा. मग कुठं गडी खूश व्हायचा.

खटके उडत ते एकाच गोष्टीवरून. तिचा आवाज मुळातच बारीक, आणि तो सारखा मोठ्यानं बोलायला लावी. येणारे-जाणारे वळून बघत. ती लाजेनं अर्धी होई. डोळ्यांपाठोपाठ कानही गेले वाटतं, असं ती पुटपुटे. ते पुटपुटणं मात्र त्याला बरोबर ऐकू जाई आणि तो गालात हसे.

समोरच्या झुडपावर एक फुलपाखरू येऊन बसलं. पिवळंधमक. सवयीनं तिचं तोंड उघडलं. सांगायचं कुणाला? इतके दिवस आवरून धरलेलं रडू आता आवरेना. ज्याच्यासाठी बघायचं तोच नाही, तर बघायचं तरी कशाला? पुन्हा इथं पाऊल टाकायचं नाही, असं ठरवून ती उठली.

"वहिनी, तुम्हीच ना? आज एकसुद्धा आलं नाही का हो?"

आवाज बाकामागच्या मेंदीच्या कुंपणापलीकडून आला. तिनं फांद्या बाजूला करून पाहिलं. पलीकडच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. काळा चष्मा, हातात पांढरी काठी.

त्यांनीच मग सगळं सांगितलं. हयात बस चालवण्यात गेली, नजर गेली ती अलीकडं. डोळ्यांच्या दवाखान्यात रंगाऱ्याशी ओळख झाली. त्यानंच त्यांना इथं येऊन बसायला सांगितलं. गावातल्या साऱ्या भिंती बसच्या काचेतून पाहिलेल्या. शाळेचा पिवळा म्हटलं की तो जसाच्या तसा पुढं उभा राही. रंगारी गेल्याचं कानावर आलं होतं. तरी रोज येऊन बसत होते.

"मला कधी बोलले नाहीत हे," ती कसंबसं म्हणाली.

"मी म्हटलं होतं त्यांना, वहिनींना सांगा. तर म्हणाले, परका माणूस ऐकतोय हे कळलं तर तिची वाचाच बसेल. तुम्ही गप बसा, मी तिला मोठ्यानं बोलायला लावतो." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "शेवटी भेटले तेव्हा म्हणाले, पाखरं काय, आपल्याला ऐकू येतात. फुलपाखरांना आवाज कुठं असतो? माझं काही बरंवाईट झालं तरी ती येईल. शब्द देतो."

तिनं हातातल्या फांद्या हळूच सोडल्या. झुडपावर ते पिवळं अजून पंखांची उघडझाप करत होतं. ती डोळे पुसत, पावलांचा आवाज न करता कुंपणाला वळसा घालून निघाली, त्यांना हाताला धरून अलीकडच्या बाकावर आणायला.