पाचव्या वर्षाची द्राक्षं

याजकाची प्रार्थना संपली आणि अधिकाऱ्याने इस्राएलच्या सैन्याला लढाईआधीचा नेहमीचा प्रश्न विचारला. "नुकतंच लग्न झालेला कोणी आहे? त्याने घरी जावं आणि वर्षभर बायकोला आनंदात ठेवावं."

वीस वर्षांपूर्वी असाच मी रांगेतून निघून घरी गेलो होतो. माझी नवी नवरी मिल्का जात्यावर दळत होती.

"पळून आलात ना? खरं सांगा!"

"देवाची आज्ञा आहे," मी म्हणालो. ती इतकी हसली की पीठ सांडलं. ते वर्ष आमचं सगळ्यात सुखाचं.

गेल्या हिवाळ्यात ती वारली. आज मी परत न जाण्यासाठीच लढाईला आलो होतो.

अधिकाऱ्याने पुढे विचारलं, "द्राक्षमळा लावून फळ न चाखलेला कोणी? त्यानेही घरी जावं."

शेजारच्या अबीएलने कोपर मारलं. "अरे, तुझा मळा! वहिनींनी लावलेला. नव्या वेलीचं फळ चार वर्षं खायचं नाही, हा नियम तुम्ही दोघांनी पाळला, यंदा खायचं वर्ष."

"राहू दे."

"तू मेलास तर दुसराच कोणी खाईल. चालेल वहिनींना?"

मी रांगेतून बाहेर पडलो.

संध्याकाळी मळ्यात पोहोचलो. घड हातात घेऊन पाहिला. दाणे हिरवे होते, टणक. पिकायला अजून दोन महिने लागणार होते. तेवढे दिवस मला जगायलाच हवं होतं.