उसने ठोके

दवाखान्याच्या दाराशी शिफाना घुटमळली. दारातलं यंत्र हृदयाचे ठोके वाचून माणूस ओळखायचं, त्याची तब्येत आतल्या पडद्यावर दाखवायचं आणि नोंद नसलेल्या माणसाची खबर परस्पर चौकीवर द्यायचं. मालदीवची बेटं बुडाल्यावर होडीतून मालवणला आलेल्या शिफानाची नोंद कुठेच नव्हती. म्हणून शेजारच्या कुंदावहिनींनी स्वतःचे ठोके भरलेली पट्टी तिच्या छातीवर चिकटवली होती. त्याही गरोदर होत्या.

"आत काही बोलू नकोस हं," त्यांनी बजावलं आणि त्या बाहेरच थांबल्या.

दार उघडलं. डॉक्टर परुळेकरबाईंनी पडद्यावर नजर टाकली. "छान! रक्तदाब उत्तम, बाळही ठीक. निघा आता घरी."

शिफानाचं डोकं ठणकत होतं. डोळ्यांसमोर काजवे चमकत होते आणि पोटातलं बाळ सकाळपासून जेमतेम हललं होतं. पडद्यावर ठीक होत्या त्या वहिनी. ती उठली, दारापर्यंत गेली, आणि तशीच माघारी आली. तिने पट्टी ओरबाडून काढली.

"हे माझं नाही, बाई. आता माझं बघा."

पडदा लालभडक झाला. खबर गेली. बाईंनी तिच्या सुजलेल्या पावलांवर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला.

"अगं, इतका वेळ गप्प का बसलीस?" म्हणत त्यांनी स्वतःच स्ट्रेचर ओढलं.

शुद्धीवर आल्यावर शिफानाने कुशीतल्या मुलीकडे पाहिलं, मग काचेपलीकडच्या खाकी गणवेशांकडे.

"ते अजून आहेत?"

"आहेत," बाई दाराला पाठ लावून उभ्या होत्या. "तू आधी तिला पाज."