वजीर२२

२००२ सालच्या उन्हाळ्यात, बीडमधल्या स्वतःच्या नेट कॅफेत बसून योगीराज हरत होता. पडद्यावर बुद्धिबळाचा पट होता आणि पलीकडे, कुठल्या गावी कोण जाणे, 'वजीर२२' नावाचा खेळाडू.

या खेळात घड्याळ नव्हतं. हरायला आलं की योगीराज चालच करत नसे. झेरॉक्स काढी, चहा पिई, गिऱ्हाइकांशी गप्पा मारी. पलीकडचा कंटाळून उठून जाई आणि अर्ध्यातून उठला म्हणून त्याचीच हार मांडली जाई. असे कितीतरी डाव योगीराजनं जिंकले होते.

वजीर२२ मात्र उठत नसे. शांतपणे वाट बघत राही. त्या शांतपणानं योगीराजचं डोकं फिरे. मग तो काउंटरखालचा मेन स्विच ओढी आणि "लाईट गेली!" म्हणून ओरडे. बीडमध्ये त्यावर कुणाचा विश्वास न बसण्याचं कारण नव्हतं. पुन्हा लावून बघावं तर डाव रद्द झालेला असे. अर्ध्यातून उठूनही आपली हार का मांडली जात नाही, याचा विचार त्यानं कधी केला नाही.

त्याला विचार होता तो दुसराच. त्याची बायको शिवांजली दुपारी घरचं आवरून कॅफेत येई आणि कोपऱ्यातल्या केबिनमध्ये बसे. पडद्याकडे बघून गालात हसे. हा जवळ गेला की पडद्यावरचं काहीतरी झटकन मिटवी. आपल्याकडे बघून ती असं कधी हसली, ते त्याला आठवेना. तिच्या पडद्यापलीकडे कोण असेल? पुण्याचा? शिकलेला? विचारायची हिंमत नव्हती. शेवटी त्यानं तिच्या माहेरच्या गावाहून, कड्याहून, मेहुण्याला बोलावून घेतलं. बहिणीला घेऊन जा, एवढंच सांगायचं होतं.

मेहुणा संगमेश्वर बारा वाजल्यापासून समोर स्टुलावर बसला होता.

"दाजी, कावून बोलावलं ते तरी सांगा."

"थांबा जरा," योगीराज म्हणाला. वजीर२२ नं त्याच्या राजाला कोंडलं होतं. कोपऱ्यातून शिवांजलीच्या हसण्याचा आवाज आला. दोन्हीकडून अंगाची आग झाली. त्यानं स्विच खाली ओढला.

"लाईट गेली!"

पंखे थांबले. अंधाऱ्या केबिनमधून शिवांजली म्हणाली, "पुढच्या चालीला मात होती! अहो, तुमी हरायला लागलात की बरोबर कशी जाती हो लाईट?"

योगीराजचा हात स्विचवरच राहिला. दोघांचे कॉम्प्युटर एकदमच बंद पडत, म्हणून तर डाव रद्द होई.

"वजीर... तू हायस?"

"लग्नानंतर घरी एकदा हरलात, अन् पट माळ्यावर टाकलात. मग मी कुणासंगं खेळायचं?"

संगमेश्वर खो खो हसत सुटला. "दाजी, आख्ख्या कड्यात हिच्याशी खेळायला कुणी बसत न्हाई. ह्याच्यासाठी बोलावलं व्हय मला?"

"व्हय," योगीराज म्हणाला. "जेवूनच जा."

संगमेश्वर संध्याकाळच्या एस.टी.नं एकटाच परत गेला. त्याला वीसेक वर्षं झाली; आता तो कड्यालाच असतो, नातवंडांत रमलेला. कॅफे बंद पडला. तिथं योगीराजचं मोबाईलचं दुकान आहे. मागच्या खोलीत शिवांजली मुलांना बुद्धिबळ शिकवते. रात्रीची जेवणं झाली की नवरा-बायकोचा एक डाव होतो. ती जिंकते. तो अजूनही तिच्यावर जळतो, पण आता तसं तिला तोंडावर सांगतो.