दोघांनी उचलायचं कपाट

"गेम पहिल्यांदा बघत असलो ना, तरी मी गडबडत नाही. शांत डोक्याचं काम आहे हे," घड्याळवाला सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाला. आणि लगेच ओरडला, "अगं अस्वल, अस्वल."

पडद्यावर अस्वल नव्हतं. नुसता बर्फ होता, आणि त्या बर्फातून दोन हमाल एक आरशाचं कपाट घेऊन डोंगर चढत होते. पुढचा हमाल लेकीचा, मागचा बापाचा. कपाट पलीकडच्या दीपगृहात पोचवायचं, की गेम संपला. चार सेकंदांनी झाडामागून अस्वल निघालं.

लेकीने मान वळवली. "तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

"बर्फ आहे म्हटल्यावर अस्वल असणारच की."

लेक नर्स होती. तीन आठवडे सलग ड्यूटी करून आज तिला एक रविवार मिळाला होता आणि जेवणाचं ताटही न उचलता ती कंट्रोलर घेऊन बसली होती. "परवा आमच्या वॉर्डातली एक सिस्टर या गेमचा शेवट सांगायला लागली," ती म्हणाली. "मी दोन्ही कानांत बोटं घालून उभी राहिले. समोरचा पेशंट असा घाबरला. त्याला वाटलं, रिपोर्ट त्याचाच आहे."

घड्याळवाला हसला, पण घशातल्या घशात.

कारण कपाट गुरुवारीच पोचलं होतं.

मंगळवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तो घरी आला. कंट्रोलरवरची धूळ पुसू, एवढंच मनात होतं. पुसता पुसता एक हातात राहिला. दुसरा जमिनीवर ठेवून त्याने त्यावर पाय टेकवून पाहिला. चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणाऱ्या माणसाला स्वतःच्या पायाचा अंगठा शिकवायला किती वेळ लागणार? बुधवारी पाय उड्या मारायला लागला. गुरुवारी दीपगृहाचं दार उघडलं तेव्हा घड्याळवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दाखवायला त्याने शेजारी पाहिलं, तर तिथे उशी होती.

तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

आता लेकीचा संशय फिटावा म्हणून तो मुद्दाम चुकायला लागला. आपला हमाल त्याने सरळ नदीत घातला. "अरेच्चा, नदी."

"दिसतेय की, बाबा. निळी आहे."

पुन्हा घातला. "अरे, परत नदी."

"तीच आहे."

तिसऱ्यांदा बुडाल्यावर लेकीने नुसतं पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं. ते त्याला जास्त झोंबलं. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने आपली मतं काढली. "मारामारीच्या गेमचं एक वाईट. समोरचा एवढा का चिडलाय, ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. गाड्यांच्या शर्यतीत तर ज्याला घाई, त्यालाच उचलून मागे आणून ठेवतात. शेतीचा बरा होता, पण त्या कोंबड्या. रोज उठून त्यांची मनं सांभाळा. हा गेम म्हणजे गेम. का? तर हा एकट्याला खेळताच..."



"काय?"

"काही नाही. पूल आला बघ."

दोरीचा पूल होता आणि मधल्या फळ्या गायब. प्रत्येक मोकळ्या जागेपाशी पुढच्या हमालाने अचूक वेळी उडी घ्यायची होती. लेक जीभ दाताखाली धरून खेळत होती. एक उडी. दुसरी उडी. तिसरीला तिने खाली पाहिलं.

"बाबा."

"हं."

"तुमचा अंगठा उडी मारतोय."

घड्याळवाल्याने पाय सोफ्याखाली घेतला. "वात आहे."

"वात बरा माझ्याच हमालाच्या वेळेला येतो."

तिने गेम थांबवला. दोघे हमाल अधांतरी, कपाट मध्ये. घड्याळवाला कंट्रोलरची बटणं मोजायला लागला, जणू एखादं कमी निघालं तर सुटका होईल.

"कधी?" तिने विचारलं.

"मंगळवारी."

"किती खेळलात?"

"गुरुवारपर्यंत."

"म्हणजे सगळा."

त्याने मान डोलावली.

"आणि माझ्या जागी कोण होतं?"

घड्याळवाल्याने सोफ्याखालून पाय हळूच बाहेर काढला.

लेक हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. तिने आपला कंट्रोलर जमिनीवर ठेवला आणि त्याच्या पायाकडे सरकवला. "दाखवा."

"नको गं. तूच खेळ. तुझ्याशिवाय मजा नाही त्यात, खरं सांगतो."

"दाखवा म्हणते ना."

त्याने अंगठा बटणावर ठेवला. दोन्ही हमाल एका मापात चालायला लागले. उडी, तोल, उडी, एकदाही अडखळले नाहीत. लेक मोकळे हात मांडीवर ठेवून बघत होती. "छान," ती म्हणाली. पेशंट स्वतःच्या हाताने पहिला घास खातो तेव्हा म्हणतात, त्या आवाजात.

ते ऐकून घड्याळवाल्याला कसंतरीच झालं. मेल्याहून मेल्यासारखं. पाच फळ्या उरल्या होत्या. निदान शेवट तरी आपल्या तोंडून तिला सांगावा, म्हणजे मन हलकं होईल, असं त्याला वाटलं. "शेवट ना, असा आहे की..."

लेकीने कानांत बोटं घातली.

त्याच क्षणी त्याच्या पोटरीत गोळा आला. आधी लेकीचा हमाल दरीत पडला, मग त्याचा, मग कपाट.