चढली

मुकादमाने धाकट्या भावाच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की शेडमधले सगळे हसायचे थांबले. तोवर फुकटची करमणूक चालली होती. धाकटा दारातून बाहेर पडायला निघायचा आणि चौकटीवर आदळायचा. जीभ जड झाली होती, बूट उलट्या पायांत घातले होते.

"सकाळी सकाळी चढली याला!" मुकादम ओरडला. "बापाने दारूपायी घर बुडवलं, आता हा निघाला. सगळ्यांसमोर माझं नाक कापलंस रे!"

धाकट्याने दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं आणि भिंतीशीच ओकला.

"बघा! कोंडा त्याला सिमेंटच्या खोलीत. उतरली की बाहेर काढा."

त्याला एका दमात या डोंगरमाथ्यावर आणलं होतं मुकादमानेच. नव्या माणसाला इथे आधी आराम द्यायचा असतो, हे त्याला पाठ होतं. पण सख्ख्या भावाचे लाड केले तर चार लोक काय म्हणतील! म्हणून दुसऱ्याच दिवशी रस्त्याच्या कामाला जुंपला. चार लोकांचं काय जात होतं म्हणा.

कामगारांचा स्वयंपाक धाकट्याची बायको करायची. ती पिठाच्या हातांनीच धावत आली.

"भाऊजी, वास घ्या ह्यांच्या तोंडाचा."

"मला शिकवू नकोस."

"वास घ्या म्हणते ना!"

थोरल्या दिरापुढे तिचा आवाज आजवर कधी चढला नव्हता. मुकादम वाकला. ओकारीचा आंबूस वास होता, दारूचा नव्हता. ओठ जांभळे पडले होते, नखंही. बसल्या जागी धाप लागली होती. असे ओठ मुकादमाने मागे एकदा पाहिले होते. त्या माणसाला खाली न्यायला उशीर झाला होता.

"गाडी काढा! इथली उंचावरची विरळ हवा बाधली याला. आत्ताच्या आत्ता खाली न्यायला हवा!"

मागच्या सीटवर भावाला आडवं करून त्याचं डोकं तो मांडीवर घ्यायला गेला. धाकट्याच्या बायकोने त्याचा हात झटकला.

"तुम्ही पुढे बसा. पुन्हा ह्यांना हात लावाल तर याद राखा."

गाडी उताराला लागली. "कसा आहे गं?" मुकादम दर वळणावर विचारत होता. मागून भावाची घरघर तेवढी ऐकू येत होती. पुढे वारा सुटला, तशी तीही ऐकू येईना.

मुकादमाने घाईघाईने काच वर केली, आणि स्वतःचा श्वास रोखून धरला.