छातीवरची मूठ

दारफळणीच्या, म्हणजे आम्हा यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या उपासाला सिनेगॉगमध्ये सगळे मिळून पापं कबूल करतात, एकेका पापाचं नाव घेत छातीवर मूठ मारतात. सकाळी "आम्ही चोरी केली" आलं, तशी बायकांच्या माडीवर माझ्या शेजारी सुनेने छातीवर मूठ मारली. चांगली दणकून. महिन्यापूर्वी माझी सोन्याची पाटली डब्यातून गेली होती. म्हटलं, सापडली चोरटी! मी त्या शब्दाला कधी हात उचलत नाही. आमच्या घराण्यात चोर निपजत नाहीत.

दुपारी जिन्यात तिला गाठलं. "सिपोरा, देवाला सांगितलंस, आता मला सांग. पाटली कुठाय?"

"मी नाही घेतली, आई."

"मग मूठ काय डास मारायला मारलीस?"

"ज्याने घेतली त्याच्यासाठी. त्याच्या तोंडून निघत नाही, तर कोणीतरी मागायला हवी ना माफी?"

गोड बोलून निसटतेय, मी मनात म्हटलं.

संध्याकाळी शेवटच्या प्रार्थनेत तोच शब्द आला. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली सगळे पुरुष मुठी मारत होते, एकाचाच हात लोंबत होता. हनोखचा, माझ्या मुलाचा. त्याने वर माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी पदरातून हात काढला आणि छातीवर मूठ मारली. सिपोरापेक्षा दणकून.